रिफ्लेक्स गेला म्हणता, पण वाचता येतं का?

“तुमच्या मुलाचा मोरो अजून गेलेला नाही.”

हे वाक्य हल्ली नात्यातल्या आणि ओळखीतल्या इतक्या घरांत पोचलंय की त्यावर लिहिणं आता भाग आहे. कुणाचा मोरो राहिलाय, कुणाचा ए.टी.एन.आर., आणि एका बिचार्‍याचे तर म्हणे पाच रिफ्लेक्स राहिलेत! मुलं सात-आठ वर्षांची, धावणारी, सायकल चालवणारी. तक्रारी वेगवेगळ्या. एकाला वाचता येत नाही, एक वर्गात जागेवर बसत नाही, एक अजून रात्री अंथरूण ओलं करतो. उपाय मात्र सगळ्यांना एकच: रिफ्लेक्सच्या हालचाली, आठवड्यातून दोनदा सेंटरवर आणि रोज घरी, वर्षभर.

मी स्वतः ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. हा कोर्स मी केलेला आहे आणि त्यातल्या काही हालचाली आजही मुलांना करवते. त्यामुळे “हिला यातलं काही माहीत नाही” असं म्हणायची सोय नाही. :) माझं भांडण हालचालींशी नाहीच. त्या हालचालींच्या पाठीवर जे ओझं लादलंय, त्याच्याशी आहे.

आधी रिफ्लेक्स म्हणजे काय ते. शाळेत ‘प्रतिक्षिप्त क्रिया’ शिकलो होतो ना, तीच. बाळ काही प्रतिक्षिप्त क्रिया घेऊनच जन्माला येतं. त्याचं डोकं एकदम मागे गेलं की दोन्ही हात फाकतात, बोटं पसरतात, मग हात मिठी मारल्यासारखे जवळ येतात आणि बाळ रडतं. आपण म्हणतो, बाळ दचकलं. एर्न्स्ट मोरो या बालरोगतज्ज्ञाने १९१८ मध्ये याचं वर्णन केलं म्हणून हा मोरो रिफ्लेक्स. (आपल्या आज्यांनी मोरोसाहेबांचं नावही ऐकलं नव्हतं, पण दचकणार्‍या बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळायचं हे त्यांना बरोब्बर ठाऊक होतं.) दुसरा ए.टी.एन.आर. उताण्या बाळाची मान एका बाजूला वळली की त्या बाजूचा हात-पाय ताठ होतो आणि दुसर्‍या बाजूचा दुमडतो. धनुष्य ताणून बसलेला तिरंदाजच! हे दोन्ही साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात मावळतात. जात कुठेच नाहीत, मेंदूचा वरचा भाग कारभार हातात घेतो आणि ते दबून राहतात. मोठेपणी मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली किंवा स्मृतिभ्रंश झाला की यातले काही पुन्हा डोकं वर काढतात.

डॉक्टरांच्या दृष्टीने या क्रिया म्हणजे खिडकी. जन्मल्यावर मोरो एकाच हातात दिसला, तर दुसर्‍या बाजूचं गळ्याजवळचं हाड मोडलंय का, हाताच्या नसा ताणल्यात का, ते बघतात. सहा महिन्यांनंतरही जोरदार राहिला तर सेरेब्रल पाल्सीची शंका घेतात. इथपर्यंत सगळं नीट आहे, पुस्तकात आहे, त्यावर वाद नाही.

वाद पुढच्या उडीवर आहे. रिफ्लेक्स राहणं ही मेंदूच्या वाढीतल्या अडचणीची खूण असू शकते. पण कोर्समध्ये दुसर्‍याच दिवशी खुणेचं कारण होऊन बसतं. रिफ्लेक्स राहिला ‘म्हणून’ वाचता येत नाही, ‘म्हणून’ जागेवर बसवत नाही, ‘म्हणून’ अंथरूण ओलं होतं. आणि मग साहजिकच, रिफ्लेक्स घालवला की सगळं आपोआप सुटेल. थर्मामीटर झटकला की पारा उतरतो हो, ताप उतरत नाही.

बरं, शाळकरी मुलात हा ‘राहिलेला’ रिफ्लेक्स शोधायचा कसा? मुलाला घोडा करून हात-गुडघ्यांवर उभं करायचं, मान हळूच डावीकडे-उजवीकडे वळवायची आणि कोपर किंचित वाकतं का ते बघायचं. किंचित म्हणजे किती, ते बघणार्‍यावर. अशी हलकी खूण अगदी छान वाचणार्‍या, पहिल्या बाकावरच्या मुलांतही सापडते. आणि बघणारी व्यक्ती कोण? जी पुढे वर्षभर उपचार विकणार आहे, तीच. वर्षानंतर “गेला बरं का!” हे सांगणारीही तीच. परीक्षा घेणारा, शिकवणी घेणारा आणि निकाल लावणारा एकच असेल, तर तुम्ही मुलाला त्या क्लासला घालाल का?

या पद्धतींचं घराणं मोठं आहे आणि सगळ्यांना एका माळेत ओवणं अन्यायाचं होईल. वाच्लाव वोयटा हे मूळचे चेक न्यूरॉलॉजिस्ट. १९६८ मध्ये देश सोडून ते जर्मनीत गेले. तान्ह्या बाळाच्या अंगावरच्या ठरावीक जागा दाबून सरपटण्याच्या आणि वळण्याच्या हालचाली जाग्या करायच्या, ही त्यांची पद्धत. इंग्लंडमध्ये चेस्टरला पीटर ब्लाइद यांनी १९७५ मध्ये संस्था काढली आणि शाळकरी मुलांच्या अडचणी रिफ्लेक्सशी जोडल्या. स्वीडनमध्ये केर्स्टिन लिंडे यांनी बाळांच्या लयबद्ध हालचालींवरून व्यायाम बसवले आणि हाराल्ड ब्लोमबर्ग या मानसोपचारतज्ज्ञांनी ते पुढे नेले. आपल्याकडे आज वीकेंडला जे शिकवलं जातं, त्यात बर्‍याचदा या सगळ्यांची मिसळ असते.

पण सगळ्यांत बोलकी गोष्ट अमेरिकेतली आहे. फिलाडेल्फियात ग्लेन डोमन आणि कार्ल डेलाकाटो यांनी १९५०-६० च्या दशकांत ‘पॅटर्निंग’ आणलं. मेंदूला इजा झालेल्या मुलाला टेबलावर झोपवायचं आणि पाच मोठ्या माणसांनी (एकाने डोकं, चौघांनी हात-पाय) त्याला सरपटल्यासारखं हलवायचं. पाच-पाच मिनिटं, दिवसातून अनेक वेळा, वर्षानुवर्षं. मासा, मग सरडा, मग चार पायांचा प्राणी, मग माणूस, अशा पायर्‍या मेंदू चढतो म्हणे; राहिलेली पायरी पुन्हा चढवली की काम झालं! आख्ख्या आळीतले शेजारी पाळ्या लावून यायचे. पुढे तपासलं तेव्हा काय निघालं? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९८२ मध्ये आणि पुन्हा १९९९ मध्ये लेखी सांगितलं, की या पद्धतीचा खास फायदा दिसलेला नाही, आणि घरच्यांवर पडणारा भार इतका आहे की पैसा आणि घरातली नाती दोन्ही पणाला लागू शकतात. पायरी राहिली, ती चढवली की मेंदू सुधारतो, ही आजच्या कोर्समधली भाषा त्याच टेबलावरून आलेली आहे.

या ‘राहिलेल्या पायरी’चा आवडता पुरावा म्हणजे रांगणं. “बाळ रांगलं नव्हतं का? बघा, तिथेच घोळ झाला.” जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी बाळांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात चार टक्क्यांहून थोडी अधिक बाळं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. कुणी बसल्या बसल्या ढुंगणावर सरकलं, कुणी सरळ उभंच राहिलं. ती सगळी चालली. अमेरिकेच्या सी.डी.सी.ने २०२२ मध्ये वाढीच्या टप्प्यांची यादी नवी केली, तेव्हा रांगणं त्यातून काढूनच टाकलं. आमच्याकडे मात्र आठ वर्षांच्या मुलाची आई आजही अल्बम काढून बाळाचा रांगतानाचा फोटो शोधते, आणि सापडला नाही की रडते.

आता येते मुख्य रागाच्या मुद्द्यावर. आई!

कोर्समध्ये रिफ्लेक्स राहण्याची कारणं शिकवतात. गरोदरपणातला ताण. सिझेरियन. वॉकरमध्ये बसवलं. पोटावर कमी झोपवलं. कडेवर फार घेतलं. फार घेतलं नाही. ही यादी पहिल्याच भेटीत आईसमोर ठेवली जाते, फॉर्मच्या रूपात, आणि ती बाई एकेका चौकटीत टिकमार्क करत जाते. मी अशा बायकांचे चेहरे पाहिलेत. फॉर्म भरून होईपर्यंत मुलाचा आजार बाजूला राहतो आणि बाईचा गुन्हा सिद्ध होतो. सासू शेजारच्या खुर्चीत बसलेली असेल तर विचारायलाच नको. वडिलांसाठी त्या फॉर्ममध्ये एकही चौकट नसते, हे तुमच्या लक्षात आलंय का? आणि हे कशाच्या जोरावर? त्या एका बाईच्या सिझेरियनमुळे त्या एका मुलाला जोडाक्षरं वाचता येत नाहीत, हे जगात कुणीही सिद्ध करू शकत नाही. मग तिच्या तोंडावर ते सुचवायचा अधिकार दोन दिवसांच्या सर्टिफिकेटने कसा मिळतो?

“पण नुकसान तर काही नाही ना?” हा प्रश्न सगळेच विचारतात. आहे. तीन ठिकाणी आहे.

एक, तान्ही बाळं. काही बाळांना तिसर्‍या महिन्यापासून वर्षाच्या आत एक विशिष्ट प्रकारचे झटके सुरू होतात. बाळ एकदम पुढे झुकतं किंवा हात फाकतं, क्षणभर थांबतं, पुन्हा तेच. एकामागून एक, बहुधा झोपेतून उठल्यावर. बघणार्‍याला वाटतं बाळ दचकतंय, नाहीतर पोटात कळ येतेय. विल्यम वेस्ट नावाच्या इंग्रज डॉक्टराने १८४१ मध्ये स्वतःच्या मुलात हे पाहून ‘लॅन्सेट’ला पत्र लिहिलं होतं, आजही हा आजार त्याच्या नावाने ओळखतात. ही अपस्मारातली तातडीची अवस्था आहे. ई.ई.जी. लागतो, औषध लवकर सुरू व्हावं लागतं आणि उशिराची किंमत मुलाची बुद्धी मोजते. वय बघा: मोरो मावळायचा तोच काळ! अशा बाळाला “मोरो राहिलाय, हालचाली करू” म्हणून महिनाभर डोलवत ठेवलं तर? बाळ असं ओळीने दचकताना दिसलं तर मोबाइलवर चित्रण करा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

दोन, सेरेब्रल पाल्सीची मुलं. यांच्यातल्या दर तिघांमागे साधारण एकाचा खुब्याचा सांधा हळूहळू जागेवरून सरकतो. जी मुलं चालत नाहीत त्यांच्यात तर फारच जास्त. सुरुवातीला दुखत नाही, दिसत नाही, फक्त एक्स-रेत कळतं. ठरावीक काळाने एक्स-रे काढत राहिलं तर वेळेत उपाय होतो. रिफ्लेक्सच्या फायली मी जाडजूड पाहिल्यात, सत्तर पानांच्या. त्यात खुब्याचा एक्स-रे नव्हता.

तीन, वाचता न येणारी मुलं. वाचायला शिकवावं लागतं. अक्षर आणि आवाज, काना-मात्रा, मग जोडाक्षरं, एकेक करून, पुन्हा पुन्हा, कंटाळा न करता. दुसरीतलं मूल वर्षभर फक्त लयीत डोलत राहिलं तर ते तिसरीत जातं, तेही दुसरीचं पुस्तक न वाचता. वर्ग थांबत नाही. महाराष्ट्रात अशा मुलांना परीक्षेत सवलती १९९६ पासून आहेत, २०१६ च्या अपंगत्वाच्या कायद्यातही शिकण्यातली अक्षमता आली. पण त्यासाठी तपासणी आणि प्रमाणपत्र लागतं, आणि “कशाला शिक्का मारून घेता, रिफ्लेक्स गेला की वाचेल” असं सांगितल्यामुळे आई-बाप ते लांबवतात. अंथरूण ओलं करणार्‍याचंही तेच. त्याची बद्धकोष्ठता आधी कुणी बघितली का? न बसणार्‍याचे कान, त्याची झोप, घोरणं? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

आता दुसरी बाजू. तीही सांगायलाच हवी.

बेलफास्टच्या संशोधकांनी २००० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक चांगला अभ्यास छापला. वाचनात अडचण आणि ए.टी.एन.आर. राहिलेला अशी ८ ते ११ वर्षांची ६० मुलं घेतली, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. एकाला रिफ्लेक्सच्या हालचाली, दुसर्‍याला दिसायला तशाच पण वेगळ्या हालचाली, तिसर्‍याला काहीच नाही. वर्षभराने पहिल्या गटाचं वाचन अधिक सुधारलं. हे मी लपवणार नाही. उलट माझं म्हणणंच हे आहे की बघा, तपासता येतं! खोटा गट ठेवता येतो, मोजणार्‍याला कोण कुठल्या गटात ते न सांगता मोजता येतं, आणि मुख्य म्हणजे त्यांनी वाचन मोजलं, नुसता रिफ्लेक्स नाही. पण एका गटातल्या वीस मुलांवर एवढी मोठी इमारत उभी राहत नाही. आणि ज्यांच्या जाहिरातीत हा अभ्यास झळकतो, त्यांच्यातल्या कितीजणांनी आपल्याकडच्या एका तरी मुलाचं वाचन आधी आणि नंतर मोजलंय?

मोठ्या माणसांचं बघा. अर्धांगवायूनंतर हाताला चालना देण्यासाठी सिग्ने ब्रुनस्ट्रॉम यांनी रिफ्लेक्सचा आणि जुन्या हालचालींचा आधार घेतला. त्यांचं १९७० चं पुस्तक आमच्या पिढीने घोटून पाठ केलं. मग एडवर्ड टाउब यांनी उलटीकडून विचार केला: चांगल्या हातात मोजा घालून तो अडवा आणि दुबळ्या हातालाच रोजची कामं करायला लावा. २००६ मध्ये २२२ रुग्णांवर याचा मोठा अभ्यास झाला आणि फायदा वर्षभर टिकला. यात कुणी रिफ्लेक्सचं काय झालं ते विचारलं नाही. डबा उघडता येतो का, कुलूप लावता येतं का, हे विचारलं. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांवरच्या संशोधनाचे जे मोठे आढावे २०१३ आणि २०२० मध्ये आले, त्यांचाही कल तोच. मुलाने स्वतः, हव्या त्या कामाचा, खर्‍या वस्तूंवर केलेला सराव. दुसर्‍याने हलवलेलं अंग नव्हे.

“पण आम्ही डोळ्यांनी फरक बघतो!” मीही बघते. उताण्या मुलाची पावलं धरून हलकेच डोक्याच्या दिशेने ढकलली की सगळं अंग पाण्यावरच्या होडीसारखं डोलतं. दिवसभर ओरडा खाल्लेलं मूल पाच मिनिटांत शांत होतं. रोज दहा मिनिटं आईचा हात, टीव्ही बंद, मोबाइल बंद, कुणी काही विचारत नाही, चूक काढत नाही. फरक न पडला तरच नवल! पाळण्याने बाळ झोपतं, तेल-मालिशने सुखावतं, हे कळायला आपल्याला लेव्हल वन करावी लागली नव्हती. पण पाळण्याने कुणी वाचन सुधारण्याची फी घेतली नाही. शिवाय मूल वर्षभरात एक वर्षाने मोठं होतं, ही गोष्ट सगळ्या थेरप्यांच्या बाजूने काम करते. श्रेय मात्र ज्याची पावती फाडली त्याला जातं.

मग लोक तिकडे का जातात? कारण इकडे कुणी वेळ देत नाही, हेही खरं. ओपीडीत तीन मिनिटं, “मुलगे उशिराच बोलतात, वाट बघा” आणि पुढचा नंबर. सेंटरवर दीड तास ऐकून घेतात, चहा विचारतात, मुलाला नावाने हाक मारतात. आमच्या डॉक्टर मंडळींनी यावर तोंड वाकडं करण्याआधी स्वतःच्या त्या तीन मिनिटांकडे बघावं. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या बालस्वास्थ्य कार्यक्रमात जिल्ह्याच्या पातळीवर लवकर निदान-उपचाराची केंद्रं ठरली. ती माणसांनी आणि वेळेने भरली, तर अर्धे लोक वीकेंडवाल्यांकडे जाणार नाहीत.

आमच्या क्षेत्रातल्या नव्या पोरींनो (आणि पोरांनो), साडेचार वर्षं अभ्यास करून तुम्ही पदवी घेता. मुंबईत के.ई.एम.मध्ये कमला निंबकर यांनी १९५० मध्ये ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली, ती माणसाला त्याच्या रोजच्या कामापर्यंत परत पोचवायला. नावातच काम आहे आपल्या! हालचालींचा कोर्स करायचाय तर खुशाल करा. एक साधन वाढेल. पण भिंतीवर सर्टिफिकेट लावताना एवढं ठरवा: उद्दिष्टाच्या रकान्यात रिफ्लेक्सचं नाव लिहायचं नाही. “शर्टाची बटणं स्वतः लावेल”, “पाठ्यपुस्तकातला एक उतारा अडखळत का होईना वाचेल”, “जेवताना दहा मिनिटं बसेल” असं लिहायचं. तारीख टाकायची. आणि त्या तारखेला मोजणारं माणूस दुसरं असायला हवं. बाई, आजी, शेजारची ताई, कुणीही. झालं नसेल तर सोडायचं, “लेव्हल थ्री लागेल” म्हणायचं नाही. तो आईचा फॉर्म तर आजच फाडा.

असो. बरंच लिहिलं. नातेवाइकांना सांगते, फोन जरूर करा, चिडणार नाही. पण “मोरो राहिलाय, काय करू?” असं विचाराल तर मी उलट तीनच गोष्टी विचारणार आहे: मुलाला नक्की काय जमत नाही, कान-डोळे कधी तपासले, आणि आत्तापर्यंत ते जमावं म्हणून त्याला ते प्रत्यक्ष कुणी, किती दिवस शिकवलं. उत्तरं लिहून ठेवा आणि मग नंबर फिरवा.